बाबा, आयटीआयच्या पोरांना नाही म्हणू नका

आई, बाबा,

परवा आई फोनवर म्हणाली की आयटीआयचे प्राचार्य घरी येऊन गेले, मशिनिस्ट ट्रेडच्या पोरांना आठवड्यातून दोन तास शिकवायला या म्हणाले, आणि बाबांनी त्यांना चहा पाजून हात जोडले. "मी साधा कामगार माणूस, मी काय शिकवणार." तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय म्हणून लिहायला बसलेय. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि मला हे पूर्ण पोचायला हवंय. आई, तू आधी वाच आणि मग त्यांच्या हातात दे.

बाबा, साधा कामगार म्हणजे काय हो? लोणावळ्याला नेव्हीच्या आयएनएस शिवाजीवर आर्टिफिसरचं, म्हणजे यंत्रं सांभाळणाऱ्या कारागिराचं, ट्रेनिंग घेऊन तुम्ही जुन्या विक्रांतच्या, त्या विमानवाहू जहाजाच्या, इंजिन रूममध्ये गेलात तेव्हा तुम्ही आत्ताच्या या पोरांएवढेच होतात. चार बॉयलर, दोन टर्बाइन, चाळीस हजार हॉर्सपॉवर, आणि रात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे ड्यूटी. तुम्हीच सांगायचात की तापवलेली कोरडी वाफ डोळ्याला दिसत नाही, पाइप फुटला तर नुसती शिट्टी ऐकू येते आणि तिच्या दिशेने हात नेला तर हात जातो, म्हणून पहिले काही महिने फक्त ऐकायला शिकायचं. १९७१ च्या युद्धात बॉयलरला तडा गेलेला असताना एक बॉयलर बंद ठेवून तीनवरच विक्रांत बंगालच्या उपसागरात गेली आणि तिच्यावरून विमानं चितगाव, कॉक्स बझारवर गेली, हे तुम्ही तेव्हाच्या जुन्या चीफ लोकांच्या तोंडून ऐकलंत आणि मी तुमच्या तोंडून. लढाईचं वर्णन तुम्ही कधीच फार केलं नाहीत, तुम्हाला त्या तीन बॉयलरचं कौतुक होतं, कुणीतरी दर तासाला त्यांचं प्रेशर वहीत लिहीत होतं याचं.

आणि आई, तू तेव्हा गावी, पत्त्यावर "द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई" लिहून पत्रं टाकायचीस, जहाज कुठे आहे ते तुलाही माहीत नसायचं. माझ्या जन्माची बातमी पण अशीच गेली ना.

पण मला खरं बोलायचंय ते १९९४ नंतरचं. पंधरा वर्षांची नोकरी करून पेन्शन घेऊन आलात, लोक म्हणाले आता बँकेत सिक्युरिटी बघा, बरेच एक्स-सर्व्हिसमन तेच करतात आणि त्यात काही कमीपणा नाही, पण तुम्हाला मशीनच हवं होतं. मग डोंबिवलीची खोली, सकाळची लोकल, आणि ज्या कारखान्यात रॉकेट इंजिनाचे पार्ट व्हायचे तिथे सीएनसीवर, म्हणजे कोड देऊन चालवायच्या कॉम्प्युटरच्या मशीनवर, हेल्पर. नेव्हीत हाताखाली माणसं होती आणि इथे तुमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान पोरगा तुम्हाला शिकवायचा. तुम्ही त्याला 'सर' म्हणायचात, घरीसुद्धा त्याचा उल्लेख 'सर' असाच असायचा. रात्री जेवणं झाली की आई वही घेऊन बसायची आणि मशीनचे कोड विचारायची, जी झिरो झिरो? रॅपिड, न कापता भरभर सरकणं. जी झिरो वन? सरळ रेषेत कटिंग. एम झिरो सिक्स? टूल चेंज. आई सातवी शिकलेली, तिला निम्मे कोड पाठ झाले होते, मला अजून आठवतात. प्राचार्यांना कुणीतरी हेही सांगायला हवं.

इनकोनेल या चिवट मिश्रधातूबद्दल तुम्ही मला एकदा समजावलं होतंत ते मी अजून लोकांना सांगते. टूल बोथट झालं आणि कापायच्या ऐवजी नुसतं घासायला लागलं तर तो धातू तिथेच कडक होतो, आणि मग पुढचं टूल पण त्यावर मोडतं, म्हणजे भीत भीत कापणाराच जॉब, म्हणजे हातातला तुकडा, बिघडवतो. मापाचंही तसंच, जॉब मशीनवरून काढल्या काढल्या मायक्रोमीटर लावायचा नाही, वीस डिग्रीला येऊ द्यायचा, कारण तीनशे मिलीमीटरचा स्टीलचा तुकडा पाच डिग्रीने गरम असला तरी साधारण सतरा मायक्रॉन वाढलेला असतो आणि ड्रॉइंगवर टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, तेवढा असेल तर आज 'ओके' म्हटलेला पार्ट उद्या रिजेक्ट. हे पुस्तकात असेल बाबा, पण ज्याने हे हाताने केलंय त्याच्याकडून ऐकणं वेगळं. आणि आत बोअरमध्ये, म्हणजे जॉबच्या भोकात, टूल किंचित थरथरल्याचं फक्त तुम्हाला कळलं होतं, माप बरोबर येत होतं, इन्स्पेक्शनमधून पास झाला असता, तरी तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत आणि जॉबवर रिजेक्टचा लाल टॅग लावून घेतलात, ती गोष्ट? वॉचच्या वहीत खोटं प्रेशर लिहायचं नाही, हीच सवय इथे आली, मला तरी दुसरं काही वाटत नाही. ही गोष्ट त्या पोरांना कोण सांगणार?

२०१४ चा सप्टेंबर आठवतो ना? २४ तारखेला मंगळयान पोचलं. त्याच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात विकास इंजिन होतं आणि तुमचे पार्ट विकासचेच असायचे. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत दारूखान्याला, जिथे जुनी जहाजं तोडतात, विक्रांत तोडायला घेतली. तुम्ही बघायला गेला नाहीत. पुढे तिच्या लोखंडातून बजाजने मोटारसायकल काढली तेव्हा शेजारचा मुलगा कौतुकाने दाखवायला घेऊन आला आणि तुम्ही टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिलात. मग १४ जुलै २०२३, चांद्रयान-३. सगळे टाळ्या वाजवत होते आणि तुम्ही घड्याळ बघत होतात, कारण त्याच्या एलव्हीएम-३ रॉकेटची दोन विकास इंजिनं जमिनीवर पेटत नाहीत, बाजूचे बूस्टर जळत असतानाच वर हवेत, उड्डाणानंतर पावणेदोन-दोन मिनिटांनी पेटतात. पेटली तेव्हा तुम्ही खाली बसलात. मी तेव्हा काही बोलले नाही, पण बाबा, मला इतका अभिमान वाटला की शब्द सुचले नाहीत.

तर दोन गोष्टी करा. एक, ईसीएचएसच्या, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन कानाची तपासणी करून घ्या आणि कानाचं मशीन लिहून दिलं तर घ्या. आयुष्यभर बॉयलर आणि स्पिंडलच्या आवाजात गेलेत ते कान, त्यात लाजण्यासारखं काय आहे, आणि पोरांचे प्रश्न ऐकू यायला हवेत ना. दोन, प्राचार्यांना फोन करून हो सांगा. भाषण करायचंच नाही. लेथसमोर उभं राहायचं, एकाच्या हातात मायक्रोमीटर द्यायचा आणि विचारायचं, जॉब गार झाला का?

आई, ते अजून नाही म्हणाले तर प्राचार्यांचा नंबर मला पाठव. मी गणपतीला चार दिवस आधी येतेय, तेव्हा वर्कशॉपला मी पण येईन, मागच्या बाकावर बसेन. चकलीची भाजणी मी आणते, तू करत बसू नकोस, गुडघा सांभाळ.

तुमची लेक