तान्ह्याचे कपडे 'कुणाला तरी' देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की अंगणवाडीच्या दारात गाठोडी येऊन पडतात. सांगली जिल्ह्यात अंगणवाडी सेविका म्हणून माझी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, तरी पिशव्या अजून माझ्या घरी येतात. "बाई, पोराला बारके झालेत, कुणाला तरी द्या." या 'कुणाला तरी'बद्दल थोडे लिहायचे आहे.

जन्मताना मूल साधारण 50 सेंटिमीटर लांबीचे असते आणि वर्षाचे होईतो 75च्या आसपास पोचते. वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट, वर्षाला तिप्पट. मग बारशाला आलेले झबले विटायच्या आधी तोकडे होणारच. पूर्वी याची काळजी कुणी केली नाही. बारशापर्यंत बाळाला नवे घालायचे नाही अशी रीतच होती. आजीच्या लुगड्याची दुपटी, मावशीकडून आलेली टोपडी, थोरल्याची झबली असे सगळे जुनेर आधीच काढून ठेवलेले असे. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड तान्ह्याच्या अंगाला टोचत नाही, एवढे साधे शहाणपण त्यात होते. आता एका घरात एक मूल, फार तर दोन. शेजारणीला द्यावे तर 'जुने दिले म्हणून राग आला तर?' आणि शेजारीण म्हणते, 'मागितले तर काय म्हणतील?' दोघींची कपाटे मात्र भरलेली.

बोहारणीकडे जावे तर तिला पँट आणि साडी हवी असते. लहानग्यांच्या कपड्यांचा अख्खा ढीग पुढे केला तरी त्यावर वाटीही सुटत नाही. गोधडी शिवणाऱ्या बायका सुती झबली घेतात, पण होजिअरीचे कापड सुईखाली ताणते, म्हणून ते फार तर आत भर घालायला. राहता राहिला दानधर्म. त्याचे काय होते ते 2019च्या ऑगस्टमधल्या महापुरात मी जवळून पाहिले. शाळेच्या एका वर्गात जुन्या कपड्यांचा ढीग खिडकीपर्यंत गेला होता. त्यात इलॅस्टिक गेलेल्या चड्ड्या होत्या, बटणे नसलेले सदरे होते आणि टिकल्या लावलेला, आत जाळीचे अस्तर असलेला वाढदिवसाचा एक फ्रॉक होता. ज्या बाईचे घर चिखलाने भरले होते, तिने तो उचलून पाहिला आणि परत ठेवला. पाठवणाऱ्यांची भावना खोटी नव्हती, पण निवडायला कुणाला सवड नव्हती. शेवटी तो ढीग ओला होऊन कुजला आणि उचलायचे काम पूरग्रस्तांच्याच गळ्यात पडले.

आमच्या भागात या कपड्यांची खरी गरज कुठे आहे ते सांगते. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि गाळप संपेपर्यंत कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. तान्ही मुले बरोबरच असतात. आई अंधारात फडावर जाते, झोळी गाडीखाली किंवा बांधावरच्या झाडाला. उसाचा पाला अंगाला घासला तर करवतासारखा कापतो, बारीक कुसळे कातडीत रुततात. डिसेंबरची पहाट वेगळीच. तिथे लागतात पूर्ण बाह्यांची झबली, पायघोळ चड्ड्या, कानटोपी, मोजे. झबले बंदांचे असेल तर उत्तम, कारण बटणाचे दोन महिन्यांत आवळते, बंद मात्र सैल करून आणखी काही दिवस निघतात. फ्रॉक आणि छोटे कोट देणाऱ्याच्या मनाला बरे वाटावे म्हणून असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगावीशी वाटते. पुढच्या बाळासाठी म्हणून पुष्कळ जणी हे कपडे ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून ठेवतात. या गोळ्यांत बहुधा नॅप्थलीन असते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशा बाळाला नॅप्थलीनचा वास भिनलेले कपडे घातले तर तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. आपल्या बाळात ही कमतरता आहे का, हे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून गोळ्यांतले कपडे तान्ह्यासाठी देऊ नयेत आणि स्वतःच्या घरातही वापरू नयेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी पुरते. दुधाचे डाग पडलेले कपडे न धुता ठेवले तर कसरीला आयतेच निमंत्रण, हे वेगळे सांगायला नको.

आता सूचना. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी, मग नवव्या महिन्यात, मग सोळा महिन्यांनंतर असते. कपड्यांची मापे बदलायची वयेही जवळपास हीच. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात साडेतीन महिन्यांचे बाळ घेऊन बसलेल्या आईच्या घरी जे कपडे आता होत नाहीत, तेच तिच्या शेजारी दीड महिन्याचे बाळ घेऊन बसलेल्या आईला हवे असतात. तिथेच एक दोरी बांधावी. धुतलेले, इस्त्री नसले तरी चालेल, पण बटणे जागेवर असलेले कपडे वयाप्रमाणे चिमट्याने लटकवावेत. जिला जे हवे ते तिने काढून न्यावे, जिच्याकडे आणायला काही नाही तिनेही न्यावे. वही नको, सही नको, फोटो तर मुळीच नको. ढीग मात्र करू नये. ढिगातून उचलताना माणूस मागणारा होतो, दोरीवरून काढताना तसे वाटत नाही.

हे काम आशाताईंच्या गळ्यात घालू नये, एवढी विनंती. नवजात बाळाच्या घरभेटी, सर्वेक्षणे, मोबाइलवरची माहिती यातच त्यांचा दिवस जातो. गावातल्या बचत गटाने दोरी सांभाळली तर पुरे. उरलेले कपडे लसीकरणाची फेरी कोप्यांकडे निघेल तेव्हा तिच्याबरोबर पाठवता येतील. शिशुगृहांना द्यायचे असतील तर आधी फोन करावा, कारण बऱ्याच ठिकाणी वापरलेले कपडे घेत नाहीत आणि त्यांचेही काही चुकत नाही.

आपल्या दैनिकाच्या तालुका पानावर उपकेंद्रांच्या लसीकरणाच्या तारखा दर महिन्याला छापता येतील का? साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की लगेच टोळ्या येतात, त्याआधी पहिली यादी आली तर यंदाच्या थंडीत उपयोग होईल.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, जि. सांगली