ब्लोअर फक्त चारवर चालतो? आधी रेझिस्टर बघा

संपादक साहेब,

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की जुन्या गाड्यांचे ब्लोअर (एसीची हवा आत फेकणारे पंखे) बिघडतात, अन् काही गॅरेजवाले थेट मोटरच बदला म्हणतात, हे काय बरोबर नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत चार नंबरच्या स्पीडवर करंट सरळ मोटरला जातो, एक ते तीनला रेझिस्टरमधून (करंट कमी करून पंखा हळू फिरवणारा भाग), म्हणजे फक्त चारवर चालत असेल तर मोटर बहुधा चांगली असते, रेझिस्टर उडालेला असतो, अन् तो मोटरपेक्षा बराच स्वस्त! तो डक्टमधल्या (हवेच्या नळीतल्या) हवेनंच गार राहतो, त्यामुळं आपल्या धुळीनं केबिनचा फिल्टर चोंदला किंवा मोटर जड फिरायला लागली की जळतो, ते न बघता नवा टाकला तर तोही जाणार. रेझिस्टरचं सॉकेट वितळलंय का तेही बघा. रेझिस्टरऐवजी पीडब्ल्यूएम कंट्रोलर (करंट झपाझप चालू-बंद करून स्पीड बदलणारा) चांगला, पण मोटर किती अँपिअर करंट घेते ते बघूनच घ्या.

एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर