पाला कापायला उशीर झाला

गोडोली, सातारा
घटस्थापना

प्रिय दत्ता,

गणपतीत येतो म्हणालास आणि आला नाहीस. बरंच झालं. तुला दाखवायचा म्हणून मिरवत होतो तो बटाट्याचा वाफा तोवर काळा पडला होता.

बेणं पुसेगावहून आणलेलं. सरी-वरंबे, भर लावणं, सगळं रीतसर केलं. पण ऑगस्टअखेर आठवडाभर अजिंक्यतारा ढगातून बाहेरच आला नाही. एका सकाळी पानांच्या कडांना पाणी मुरल्यासारखे काळपट डाग दिसले. मला वाटलं, नेहमीचा लवकर येणारा करपा. खालच्या जुन्या पानांवर गोल गोल वलयं उमटतात ना, तो. चार पानं खुडली आणि चहाला बसलो. तिथंच फसलो. पान उलटून पाहिलं असतं तर दवात पांढुरकी लव दिसली असती. हा उशिरा येणारा करपा. नाव उशिराचं, पण आठवड्यात झाडं उकडल्यासारखी लोळली. १८४५ मध्ये आयर्लंडचे बटाटे नासवले ते यानंच.

मग बोर्डो, म्हणजे फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, करायची धावपळ. दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम चुना, लिटरभर पाणी, प्लॅस्टिकच्या बादलीत. विळ्याचं पातं बुडवलं तर तांबूस झालं, म्हणजे मोरचूद जास्त, म्हणून चुना वाढवला. पण बोर्डो निरोगी पान राखतं, लागलेलं उठवत नाही. शेवटी आई म्हणाली, "पाला काप, खालचं तरी वाचव." जिवावर आलं रे! आणखी चार दिवस घालवले. तेवढ्यात पावसानं पानांवरचे बीजाणू मातीत धुऊन नेले. कापलेला पाला खोल पुरला, कंपोस्टात टाकला नाही. दोन आठवडे थांबून काल काढणी केली. निम्म्यांच्या सालीखाली तांबूस-तपकिरी कूज.

तुझ्या टोमॅटोलाही हाच करपा लागतो, वाऱ्यावरून येतो. पाणी सकाळी आणि बुडाशी दे, पानांवर नको. काठीला सुतळीनं बांध, जमिनीला टेकणारी पानं काढ, रोपांत अंतर ठेव. फळावर कडक तपकिरी चट्टा दिसला की फळ तोडून पुरून टाक, हळहळू नकोस.

यातला एकही बटाटा बेण्याला ठेवणार नाही. वाफ्यात मेथी टाकलीय. वांगं-मिरची बटाट्याच्याच गोतातली, म्हणून यंदा तिथं नाही.

आईनं चांगले बटाटे निवडून पोत्यावर पसरलेत आणि रोज उलटून बघते. दिवाळीपर्यंत ते टिकतील असं वाटत नाही, तेव्हा भाजी खायची असेल तर दसऱ्यालाच ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू