आधी पाणी मोजा, मग टाकी बांधा

संपादक साहेब, नमस्कार.

वाढत्या ग्रामीण भागाच्या पाणी योजनेची बातमी आली की टाकी किती लाख लिटरची आणि पाइपलाइन किती किलोमीटरची एवढंच छापून येतं, पण ज्या विहिरीतून नाहीतर बोअरमधून ते पाणी उचलायचंय तिथे उन्हाळ्याच्या शेवटच्या पंधरवड्यात किती पाणी उरतं हे कुणी विचारतच नाही. मी बरीच वर्षं बोअरच्या पंप टेस्टची, म्हणजे बोअर किती पाणी देऊ शकतो ते तपासायची कामं केलीत म्हणून लिहावंसं वाटलं.

टेस्टला पंप चालू करायचा, बाहेर पडणारं पाणी व्ही नॉचच्या, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या पेटीतून सोडायचं (खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून किती पाणी येतंय ते कळतं) आणि बोअरमध्ये केबल सोडून पातळी मोजत बसायचं, आधी दर मिनिटाला, मग दहा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, असं रात्रभर. पहिले दोन तास सगळेच खुश असतात कारण पाणी धो धो येतं. खरं काय ते नंतर कळतं, पातळी एका जागी टेकते का खालीच जात राहते, आणि पंप बंद केल्यावर परत वर यायला किती वेळ घेते, हे शेवटचं तर सगळ्यात महत्त्वाचं पण तोवर लोक घरी गेलेले असतात. नॉचचंही नीट समजून घ्यायला लागतं, पाण्याची उंची निम्मी दिसली म्हणजे पाणी निम्मं झालं असं नसतं, जवळपास सहावा हिस्साच उरलेला असतो.

एका योजनेत ही टेस्ट पावसाळा संपल्या संपल्या उरकली. मी म्हटलं होतं की कोरड्या दिवसांत परत घेऊ, पण रिपोर्ट पाठवायची घाई होती. टाकी उभी राहिली, घरोघरी नळ बसले, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात पंप दीड तासात हवा ओढायला लागला. मी तेव्हा अजून जोर लावून बोलायला पाहिजे होतं, ते अजून मनातून जात नाही.

दुसरं म्हणजे माणसं मोजायची पद्धत. मागच्या दहा वर्षांत जेवढी डोकी वाढली तेवढीच पुढच्या दहात धरायची, हे संथ गावाला चालेल, वाढत्या भागाला नाही. वर्षाला ३ टक्के वाढ म्हणजे साधारण २४ वर्षांत लोकसंख्या दुप्पट, आणि पाइप तर आपण निदान ३० वर्षांसाठी गाडतो. त्यात वाढ सगळीकडे सारखी होत नाही, नवीन घरं रस्त्याच्या कडेने होतात आणि नकाशात तिथे सगळ्यात बारीक पाइप दाखवलेला असतो. जनावरांचं पाणी तर कित्येक एस्टिमेटमध्ये धरलेलंच नसतं.

त्याच पाइपमधून दुप्पट पाणी ढकललं की घर्षणात वाया जाणारा दाब दुप्पट नाही, साडेतीन पटीच्या वर जातो. म्हणजे टोकाच्या घराला पाणी चढत नाही आणि वीजबिल मात्र वाढतं. म्हणून मेन लाइन पुढचा विचार करून मोठी टाका आणि पंप आजच्या गरजेपुरता बसवा, कारण पंप तसाही १५ वर्षांनी बदलायचाच असतो, रस्ता परत खोदणं फार अवघड. शुद्धीकरण केंद्राशेजारी पुढच्या युनिटसाठी जागा सोडून ठेवा. पण मोठं म्हणजे चांगलं समजून गल्लीबोळातही जाड पाइप टाकू नका, त्यात पाणी साचून राहतं आणि क्लोरिन उडून जातं. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलीग्रॅम क्लोरिन मिळायलाच पाहिजे.

तासभर पाणी सोडून बाकी दिवसभर लाइन कोरडी ठेवायची सवयही घातक आहे, रिकाम्या पाइपमध्ये गळतीच्या जागेतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. आणि खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड तपासल्याशिवाय पुढे जाऊच नका, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलीग्रॅम आहे आणि ते उकळून जात नाही.

चालवायचा खर्च कागदावर कुठेच नसतो हे बघून जीव तुटतो. १००० लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला हिशोबाने ०.२७ युनिट वीज लागते, प्रत्यक्षात पंप मोटरची घट धरली की ०.४ च्या आसपास जाते, रोजच्या लाखो लिटरला गुणून बघा. ते बिल कोण भरणार आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचा पगार कुठून निघणार हे खोदकामाच्या आधी गावात बसून ठरवायला पाहिजे, बायकांना त्या बैठकीत बसवून, कारण हंडा त्यांच्याच डोक्यावर येतो.

तुमच्या बातमीदारांना एक विनंती आहे, पुढच्या वेळी योजनेची बातमी करताना टेस्ट कुठल्या महिन्यात घेतली, किती तास चालली आणि पातळी परत यायला किती वेळ लागला हे तीन आकडे मागून घ्या आणि टाकीच्या फोटोखाली छापा.

आपला,
एक नियमित वाचक