टोंकचे परगणे होळकरांनीच दिलेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यशवंतराव होळकरांच्या जयंतीनिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. हडपसरची लढाई आली, भरतपूरची आली, भानपुऱ्याचा तोफांचा कारखानाही आला. अमीरखान मात्र एका वाक्यात उरकला : पेंढाऱ्यांचा म्होरक्या, ऐनवेळी फितूर होऊन राजस्थानातल्या टोंक संस्थानाचा नवाब झालेला. या वाक्यातला ‘नवाब झालेला’ एवढाच भाग मला निर्विवाद वाटतो.

अमीरखानाचा आजोबा बुनेरहून आलेला सालारझई पठाण. नातवाचा जन्म संभळचा, १७६८चा. शिपाईगिरी करत तो माळव्यात आला आणि पुढे भोपाळच्या चाकरीत राहिला. यशवंतराव नागपूरकर भोसल्यांच्या कैदेतून निसटून फौज जमवत होते, तेव्हा तो त्यांना मिळाला. त्या वेळी दोघांच्याही गाठीला काही नव्हते. पुढे त्याच्या हाताखाली पायदळाच्या पलटणी आणि चांगला तोफखाना उभा राहिला. पेंढाऱ्यांना पगार नसे, लूट हीच त्यांची कमाई. याच्या पठाणांना पगार असे, निदान कागदावर तरी. पगार थकला की ते खुद्द अमीरखानालाच अडवून बसत. इंग्रजांना हा फरक नीट कळला होता. चितू पेंढाऱ्याला त्यांनी रानोमाळ पिटाळले, तो असीरगडच्या जंगलात वाघाच्या तोंडी गेला. अमीरखानाशी त्यांनी तह केला.

आता टोंक. हे संस्थान म्हणजे इंग्रजांची बक्षिसी, असा समज लेखातून होतो. प्रत्यक्षात सिरोंज १७९८मध्ये, टोंक आणि पिरावा १८०६मध्ये, निंबाहेडा १८०९मध्ये आणि छबडा १८१६मध्ये, असे हे परगणे होळकरांकडून त्याच्याकडे आले. खजिन्यात रोकड नाही आणि सरदाराची फौज तर पोसायची, यावर होळकरशाहीला सुचलेला हा उपाय. म्हणून तर टोंकचे मुलूख असे विखुरलेले, एकमेकांना न लागणारे. इंग्रजांनी रामपुरा तेवढा वर घातला आणि बाकीच्यावर हमीचा शिक्का मारला.

त्याची वकिली करण्याचा माझा हेतू नाही. १८०८मध्ये मारवाडातल्या पोकरणच्या ठाकूर सवाईसिंहाला भेटीला बोलावून त्याने तंबूचे दोर कापले आणि वरून तोफा डागल्या. उदयपूरची राजकन्या कृष्णाकुमारी हिला विष घ्यावे लागले, त्यामागेही त्याचाच दबाव होता. १८०९मध्ये होळकरांच्या जवाहिरांचे निमित्त करून तो नागपूरकरांवर चालून गेला. एवढे सगळे असताना त्याला दोष द्यायला नेमकी फितुरीच का निवडावी?

यशवंतराव १८११मध्येच गेले होते. अमीरखानाचा तह नोव्हेंबर १८१७चा : फौज मोडायची, तोफा कंपनीला विकायच्या, मुलूख राखायचा. इंग्रज आणि होळकर यांच्यातली महिदपूरची लढाई २१ डिसेंबरची, त्या वेळी तो रणात नव्हताच. तिथे होता त्याचा मेहुणा गफूरखान. आदल्या दिवशी यशवंतरावांच्या मागे कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा शिरच्छेद झाला, त्या वेळी दरबारात पठाणांचाच जोर होता. लढाईत गफूरखानाने अंग चोरल्याचा आरोप तेव्हापासून होत आला आहे. जानेवारी १८१८च्या मंदसोरच्या तहात इंग्रजांनी होळकरांकडून दोन गोष्टी मान्य करून घेतल्या. एक, अमीरखानाशी झालेला करार. दुसरी, गफूरखानाची जहागीर. त्या जहागिरीचेच पुढे जावरा संस्थान झाले. आपल्या लेखात गफूरखानाचे नावही नाही.

आपला,
एक वाचक, इंदूर