आरोग्यमंत्री साहेब, किडनीच्या रिपोर्टवर एक ओळ वाढवा

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मागणी छोटी आहे म्हणून आधीच सांगून टाकतो. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) तपासणाऱ्या प्रत्येक लॅबला रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाजे आकडा, छापणं कंपल्सरी करा. वेगळं रक्त लागत नाही, क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढं टाकलं की सॉफ्टवेअर आकडा काढून देतं, आणि हे तिन्ही लॅबकडे असतंच.

आता का ते बघा. क्रिएटिनिन १.२ आलं, बऱ्याच रिपोर्टवर ते नॉर्मल रेंजमध्ये बसतं, लोक खूश होऊन फाईल बंद करतात. पण तेच १.२ पंचवीस वर्षांच्या पोराचं असेल तर ईजीएफआर काढायच्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय फॉर्म्युल्याने तो ८६ च्या आसपास येतो आणि सत्तरीच्या बाईचं असेल तर ४९ च्या आसपास! क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, म्हातारपणी स्नायूच कमी, त्यामुळे किडनीचं काम निम्म्यावर आलं तरी क्रिएटिनिनचा आकडा आपला गप्प.

मात्र नुसता आकडा छापून सोडू नका, खाली दोन-चार वाक्यं हवीत नाहीतर नवाच गोंधळ. ईजीएफआर एकदा ६० च्या खाली आला म्हणजे लगेच सीकेडी (किडनीचा दीर्घकाळचा आजार) नाही, तीन महिन्यांहून जास्त तसाच राहिला तर. स्टेज थ्री वाचून घरचे कॅन्सर असल्यासारखे हादरतात, अहो स्टेज थ्री म्हणजे ईजीएफआर ३० ते ५९, डायलिसिसचा विषय साधारण १५ च्या खाली गेल्यावर निघतो आणि तेव्हाही सगळ्यांना लगेच लागतं असं नाही. उलट जुलाब-उलट्यांनी किंवा पेनकिलरने किडनी अचानक बसली, ज्याला डॉक्टर एकेआय म्हणतात, तर क्रिएटिनिन सारखं बदलत असतं, तिथे ईजीएफआरवर भरवसा ठेवायचा नाही.

आणि हो, लघवी! हिच्याकडे कुणी बघतच नाही. ईजीएफआर ९० च्या वर असला तरी लघवीचा एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, तीन महिन्यांहून जास्त ३० (मिग्रॅ/ग्रॅम) च्या वर राहिला तर तोही सीकेडीच, आणि साध्या पट्टीवर एवढं थोडं अल्ब्युमिन बऱ्याचदा दिसत नाही. शुगर-बीपीवाल्यांची ही टेस्ट वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात फुकट करा, कारण याच टप्प्यावर बीपी आणि औषधांनी गाडी बरीच हळू करता येते, पाय सुजल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरं.

आदेश काढाल तेव्हा त्यात तारीख टाका, नाहीतर लॅबवाले पुढच्या अपडेटमध्ये करतो म्हणत बसतील.

आपला,
एका किडनी पेशंटचा मुलगा