कोल्ट्रेन यांचे सगळेच काही आपले नव्हे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकी जॅझ वादक जॉन कोल्ट्रेन यांच्यावरील लेख वाचला. जॅझच्या सॅक्सोफोनवादकाला मराठी वृत्तपत्रात एवढी जागा क्वचितच मिळते, म्हणून आनंदच झाला. मात्र त्यांच्या वादनातले वेगळेपण भारतीय रागसंगीतातून आले, हा लेखाचा सूर पटण्यासारखा नाही.

कोल्ट्रेन यांचे दोन्हीकडचे आजोबा धर्मोपदेशक होते. नॉर्थ कॅरोलायनातील चर्चचे गायन आणि ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे लोकसंगीत ही त्यांची जमीन. त्यावर जॉनी हॉजेस आणि लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकांचा, व १९४५ मध्ये प्रत्यक्ष ऐकलेल्या सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांचा संस्कार झाला. १९५७ मध्ये व्यसनापायी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी त्यांना वाद्यवृंदातून काढले. त्याच वर्षी पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या सहवासात ते सावरले, इतकेच नव्हे तर स्वरसंघांचा (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या समूहांचा, म्हणजे कॉर्डचा) विचार त्यांच्या हाती पक्का बसला.

१९५९ च्या वसंतात तर त्यांच्या वादनाची दोन टोके दिसतात. त्यांच्या ‘जायंट स्टेप्स’ या रचनेमध्ये तीन वेगवेगळ्या षड्जांवरून स्वरसंघ इतक्या झपाट्याने फिरतात की पियानोवादक टॉमी फ्लॅनगन यांच्यासारखा कसलेला कलावंतही ध्वनिमुद्रणात अडखळतो. त्याआधी काही आठवडे, डेव्हिस यांच्या ‘सो व्हॉट’ या रचनेत वाजवताना मात्र सोळा मापे (तालाचे छोटे समान खंड) एकाच स्वरावलीवर, आठ मापे अर्ध्या स्वराने वर आणि आठ पुन्हा मूळ जागी, एवढाच आराखडा. ऐकताना आपल्याला रागविस्तार आठवतो हे खरे; पण तिथे ना पकड (रागाची ओळख पटवणारा स्वरसमूह), ना वादी-संवादी (रागातले मुख्य स्वर). ही मोकळीक जॅझने आपल्याच गरजेतून शोधली होती.

भारताचा प्रभाव त्यानंतर येतो, आणि तोही एकटा नाही. १९६१ या एकाच वर्षी त्यांनी आफ्रिकी आणि स्पॅनिश संगीताकडे पाहून काम केले. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये वाजवलेल्या ‘इंडिया’ या रचनेत दोन डबल बास (खर्जातली मोठी तंतुवाद्ये) ठेवून तंबोऱ्यासारखा आधार उभा केला. सोप्रानो (उंच पट्टीच्या) सॅक्सोफोनचा त्यांचा तो सनईसारखा आवाजही सनईवरून आलेला नाही. त्यामागे सिडनी बेशे आणि स्टीव्ह लेसी हे सोप्रानोवादक आहेत.

पंडित रविशंकर यांच्याविषयीचा आदर मात्र निखळ होता. १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. उलट रविशंकर यांना कोल्ट्रेन यांच्या संगीतातील खळबळ अस्वस्थ करीत असे, आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले होते. लेखात हे यायला हवे होते. १७ जुलै १९६७ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने कोल्ट्रेन गेले आणि पंडितजींकडे सलग शिकण्याचा बेत राहूनच गेला.

लेखाचा उत्तरार्ध छापणार असाल, तर त्यात हॉजेस आणि मंक यांना निदान एकेक परिच्छेद द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे